इंदुरात दवाखान्यातली पहिली नोकरी : नव्या मेडिकल असिस्टंटसाठी पायरीपायरीने

बारावी झाली, नर्सिंगची फी लगेच झेपणार नाही, घरात आणखी एक पगार हवा आहे, म्हणून दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागायचं ठरतं. रामबाग, सुदामा नगर, तिलक नगर, वैशाली नगरच्या आपल्या घरांतली कितीतरी मुलंमुली या वाटेने येतात. मीही त्याच वाटेने आले आणि आज नव्याने लागलेल्यांना काम शिकवते. पहिल्या सहा महिन्यांत बहुतेकांना छळतात ते प्रश्न वैद्यकीय ज्ञानाचे नसतात. हे काम माझं आहे का, कुणाला विचारू, ‘नाही’ म्हटलं तर नोकरी जाईल का, हेच प्रश्न असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

१. आधी पद कोणतं ते पक्कं करा

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. जाहिरातीत ‘असिस्टंट हवा’ एवढंच असतं. प्रत्यक्षात तुम्हाला रिसेप्शनवर बसवतील, ओपीडीत डॉक्टरांच्या हाताशी ठेवतील, वॉर्डात रुग्णांची उठबस करायला लावतील, किंवा तिन्ही कामं सांगतील. कौशल्य विकासाच्या योजनेत या कामाला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात. त्याचा काही महिन्यांचा कोर्स असतो आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं. रुग्णाला बसवणं-उठवणं, कूस बदलून देणं, अंग पुसणं, बीपी-नाडी-ताप नोंदवणं, सामान तयार ठेवणं, ड्रेसिंगला मदत करणं, केस पेपर लावणं ही त्यातली कामं.

इंजेक्शन टोचणं, सलाईनची सुई लावणं, औषध किंवा डोस ठरवणं, रिपोर्ट वाचून रुग्णाला अर्थ सांगणं ही कामं त्यात येत नाहीत. ती करायला वेगळं शिक्षण आणि कौन्सिलची नोंदणी लागते. नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएससी नर्सिंग चार; लॅबचा डीएमएलटी दोन, औषधशास्त्राचा डी. फार्म. दोन वर्षांचा. मुलाखतीतच विचारा, ‘सर, माझ्याकडून कोणती कामं अपेक्षित आहेत?’ आणि उत्तर घरी आल्यावर डायरीत लिहा.

सावध राहा : ‘सहा महिन्यांत नर्स बना, नोकरीची हमी’ असे फलक शहरात जागोजागी दिसतात. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली, ते सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलंच आहे. त्यामुळे पैसे भरण्याआधी कोर्सला कोणाची मान्यता आहे ते तपासा. नर्सिंगसाठी राज्याची नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिल, लॅब-ओटी (ऑपरेशन थिएटर)-एक्सरे टेक्निशियनच्या कोर्ससाठी भोपाळची सह-चिकित्सीय परिषद. संस्थेचं नाव त्यांच्या यादीत सापडलं नाही, तर ऑफिसातला माणूस कितीही गोड बोलला तरी पावती फाडू नका.

२. कागदपत्रांची एक फाइल करा

एकदाच बसून करा, मग प्रत्येक मुलाखतीला धावपळ होत नाही.

• दहावी-बारावीची मार्कशीट, कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र
• आधार, पॅन, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब आणि सदस्य क्रमांक)
• मूळ निवासी प्रमाणपत्र
• बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
• पासपोर्ट आकाराचे फोटो, सहा-आठ
• पोलीस पडताळणी (मोठी हॉस्पिटलं मागतात)
• लसीकरणाची नोंद आणि फिटनेस सर्टिफिकेट
• आधीच्या नोकरीचं अनुभवपत्र, असल्यास

ओरिजिनल दाखवायची आणि परत घ्यायची, ठेवून जायची नाहीत. काही ठिकाणी ‘जमा करा, सोडताना देऊ’ म्हणतात. मग नोकरी सोडायची वेळ आली की मार्कशीट अडकते, आणि तेवढ्यासाठी मुलं महिनोन्‌महिने नको त्या जागी काम करत राहतात. ‘सर, ओरिजिनल पडताळून घ्या, मी साक्षांकित प्रत देते’ असं शांतपणे म्हणा. शक्य तेवढं डिजिलॉकरमध्येही ठेवा.

३. पगाराचं बोलणं मोकळेपणाने करा

आपल्याकडे पहिल्या नोकरीत पगाराबद्दल विचारणं उद्धटपणाचं मानतात. तो नाही. महिन्याच्या कोणत्या तारखेला पगार होतो, खात्यात की रोख, साप्ताहिक सुट्टी कोणती, शिफ्ट किती तासांची, नाइटचं वेगळं काही मिळतं का, हे विचारायचंच. राज्याचा श्रम विभाग किमान वेतनाचे दर जाहीर करतो आणि महागाई भत्त्याप्रमाणे ते सहा महिन्यांनी बदलतात. तो आकडा माहीत करून मगच मुलाखतीला जा.

दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि नंदा नगरच्या ईएसआय हॉस्पिटलात तुमच्यासह घरच्यांचेही उपचार होतात. वीस किंवा अधिक माणसं असतील तर पीएफ. स्लिपवर कपात दिसते पण तुम्हाला ईएसआयचा नंबर मिळालेला नाही, असं असेल तर पहिल्याच महिन्यात विचारा.

‘ट्रेनिंग फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणाऱ्या जागी लागू नका. काम तुम्ही करणार, तर पैसे तुमच्याकडे यायला हवेत.

४. हजर होण्याआधी लस घ्या

हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस असतात : पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी करून संरक्षण तयार झालं का ते बघता येतं. टिटॅनसही बघून घ्या. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना या दोन्ही लशी देणं, कामावर घेताना आणि वर्षातून एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. त्यामुळे ‘लस आपल्याकडून मिळते ना?’ हा हक्काचा प्रश्न आहे. मिळायला उशीर होत असेल तर पदरचे पैसे घालून पहिला डोस घ्या, वाट बघत बसू नका. घरच्यांना हा खर्च पटत नसेल तर समजावून सांगा. हे मी अगदी कळकळीने लिहिते आहे.

५. सोबत काय ठेवायचं

सेकंदकाटा असलेलं घड्याळ, दोन पेनं, खिशात मावेल अशी डायरी, पुढून बंद असलेले सपाट बूट. स्टेथो आणि बीपीचं मशीन पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. दवाखान्याचं असतं, आणि पुढे लागलंच तर एमवायएच (महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय) जवळच्या दवा बाजारात सर्जिकलची दुकानं आहेत, तिथे दोन-तीन ठिकाणी भाव काढून घ्या. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, ओढणी पिनअप केलेली. डबा खाऊनच ओपीडी सुरू करा, कारण एकदा गर्दी झाली की दुपारचे तीन कधी वाजतात कळत नाही.

६. पहिला आठवडा : जागा ओळखा

पहिल्या दिवशी कुणी तुम्हाला बसवून शिकवेल अशी अपेक्षा ठेवू नका. गर्दी नसेल तेव्हा स्वतः फिरा. इमर्जन्सीची ट्रॉली कुठे असते? ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे टांगलेली असते, आणि सिलिंडर भरलेलं आहे हे कशावरून कळतं? लशींचा फ्रिज कोणता? त्याचं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं, ते दिवसातून दोनदा लिहितात, आणि त्यात आपला डबा किंवा पाण्याची बाटली ठेवायची नाही. आग विझवायचं सिलिंडर, मागचा दरवाजा, स्ट्रेचर, व्हीलचेअर. ज्या दिवशी याची गरज पडते त्या दिवशी विचारायला वेळ नसतो.

आणि माणसं. आया, वॉर्डबॉय, सफाईवाले दादा यांना नावाने ओळखा. दवाखाना खरा कसा चालतो ते त्यांना सगळ्यात जास्त माहीत असतं.

७. आधी नाव, मग बाकी सगळं

आपल्या वस्तीतल्या दवाखान्यात एका सकाळी दोन कुलकर्णी आणि तीन जोशी सहज येतात. ‘कुलकर्णी आजोबा?’ अशी हाक मारली की ज्यांना नीट ऐकू येत नाही ते कुठल्याही नावाला मान डोलावतात आणि उठून आत येतात. त्यामुळे नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं : ‘आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं. आणि वय किंवा जन्मतारीख?’ दोन्ही गोष्टी केस पेपरशी जुळल्या की पुढे जा. रक्ताच्या बाटलीवर नाव रुग्ण समोर बसलेला असतानाच लिहायचं. आधी लेबल लावून ठेवलेल्या रिकाम्या बाटल्यांतूनच अदलाबदल होते.

इंदुरात रुग्ण फक्त मराठी-हिंदी बोलणारे नसतात. धार-झाबुआकडून भिली बोलणारे येतात, खरगोनहून निमाडी, आसपासच्या गावांतून माळवी. तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘छाती में भारीपन’ म्हणाले तर तेच लिहा, तुमच्या मनाने ‘अॅसिडिटी’ लिहू नका. कळलं नाही तर बरोबरच्या अटेंडरला विचारा, पण अटेंडर उत्तर देत असताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघा. सुनेच्या किंवा नवऱ्याच्या समोर बाई सगळं सांगत नाही. असं वाटलं तर डॉक्टर मॅडमना हळूच सांगा, त्या एकटीला आत बोलावतील.

८. बीपी, नाडी, शुगर : आकडा खरा हवा

डॉक्टर तुमच्या आकड्यावर गोळी वाढवतात किंवा कमी करतात. म्हणून हे काम यांत्रिकपणे उरकायचं नाही.

रुग्ण जिना चढून आला असेल तर पाच मिनिटं बसू द्या. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली आहे का विचारा. लघवीला जाऊन यायचं असेल तर आधी जाऊ द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड छातीच्या उंचीला टेकवलेला. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. स्वेटर किंवा घट्ट कुर्त्याची बाही वर सरकवून दंडाला आवळून बसली तरी आकडा चुकतो, हात बाहीतून काढायला सांगा. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं जास्त येतं, म्हणून मोठा कफ मागून घ्या. मोजताना रुग्णाशी बोलू नका, त्यांनाही बोलू देऊ नका. हे सगळ्यात अवघड, कारण आपल्या आजींना तेवढ्यातच नातवाच्या लग्नाचं सांगायचं असतं. ‘आजी, एक मिनिट गप्प बसायचं, मग सगळं ऐकते’ असं हसून म्हटलं की ऐकतात.

डायलिसिससाठी फिस्टुला (ऑपरेशनने रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) केलेल्या हातावर बीपी घ्यायचं नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हातावरही नाही. आधी विचारा. आकडा विचित्र वाटला तर पुन्हा मिनिटभराने घ्या आणि जो आला तोच लिहा. १३८ला १४० करायचं नाही. नाडी पूर्ण मिनिट मोजा, विशेषतः ठोके अनियमित लागत असतील तेव्हा.

शुगरचं तसंच. सकाळी पोहे-जलेबी खाऊन आलेल्या रुग्णाच्या बोटाला पाक राहिला असेल तर मशीन भलताच आकडा दाखवतं. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मग टोचा. फास्टिंगच्या तपासणीला ‘काही खाल्लं का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांनी साखरेचा चहा घेतलेला असतो. ‘चहा-बिस्किट?’ असं स्पष्ट विचारा. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश, गडद मेंदी आणि थंडीत गार पडलेली बोटं बघून घ्या.

रुग्ण विचारेल, ‘ताई, नॉर्मल आहे ना?’ आकडा सांगा आणि ‘डॉक्टर बघून सांगतील’ म्हणा. धीर द्यायला म्हणून ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणू नका. त्यावर विसंबून कुणी डॉक्टरांना न भेटता निघून जातं.

९. रांग केव्हा मोडायची

खालचं काही दिसलं तर नंबर कितवा आहे ते बघायचं नाही, सरळ आत जाऊन डॉक्टरांना सांगायचं :

• छातीत दुखतंय, घाम सुटलाय, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाते
• दम इतका लागलाय की वाक्य पूर्ण होत नाही
• तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं
• शुगर ७०च्या खाली, किंवा मधुमेही माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय
• बीपी १८०/१२०च्या वर
• मूल मलूल पडलंय, डोळे उघडत नाही, दूध ओढत नाही

लकव्याच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, त्यामुळे ‘लक्षणं किती वाजता सुरू झाली’ हा प्रश्न तुम्ही विचारून वेळ लिहून ठेवलीत तर पुढच्या हॉस्पिटलाची मिनिटं वाचतात. रांगेतले लोक कुरकुरतील. त्यांना एक वाक्य पुरतं : ‘यांची तब्येत आत्ता जास्त नाजूक आहे, तुमचा नंबर तसाच राहील.’

बेसिक लाइफ सपोर्टचं ट्रेनिंग मिळालं तर सोडू नका. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

१०. हात, सुई आणि कचरा

सॅनिटायझर असेल तर वीस-तीस सेकंद, साबण-पाणी असेल तर चाळीस ते साठ सेकंद. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळी. हातमोजे घातले म्हणजे हात धुणं टळलं असं होत नाही.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. कुणी सीनियर लावताना दिसला तरी तुम्ही लावू नका. सुई कटरमध्ये कापायची किंवा थेट पांढऱ्या डब्यात.

कचऱ्याच्या रंगांबाबत इंदूरकरांनी जास्त जपायला हवं. घरी आपला हात बसलाय : हिरव्यात ओला, निळ्यात सुका. २०१७पासून आपलं शहर वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलं ते याच सवयीमुळे. पण दवाखान्यातला निळा डबा सुक्या कचऱ्याचा नाही. नवी मुलं तिथे कागद-पुठ्ठा टाकताना मी नेहमी बघते. हे चार रंग पाठ करा :

• पिवळा : रक्ताने भिजलेला कापूस, बँडेज, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं
• लाल : संसर्गित प्लास्टिक, म्हणजे सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे, सुई कापलेली सिरिंज
• पांढरा, न टोचणारा डबा : सुया, ब्लेड, इन्सुलिनची जोडसुईची सिरिंज
• निळा : काचेच्या औषधाच्या बाटल्या, अँप्यूल, धातूचे इम्प्लांट

सिरिंजचं वेष्टन, औषधाचं खोकं हे साध्या कचऱ्यात. संसर्गित कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

आणि सुई टोचलीच तर? घाबरून लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, स्पिरिट-ब्लीच लावू नका. डोळ्यात उडालं तर पाण्याने धुवत राहा. लगेच इन-चार्जला सांगा, कोणत्या रुग्णाची सुई होती ते लिहून घ्या. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू व्हायला हव्यात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. एमवायएचमध्ये एआरटी सेंटर (एचआयव्ही उपचार केंद्र) आहे, सेंटर बंद असेल त्या वेळी कॅज्युअल्टीत जा. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. ‘रुग्ण चांगल्या घरचा दिसतो, काही नसेल’ असं कुणी म्हणालं तर त्या बोलण्यावर थांबू नका.

११. तोंडी सांगितलेलं परत म्हणून दाखवा

डॉक्टर फोनवरून किंवा जिन्यातून जाता जाता सांगतात, ‘त्या तीन नंबरला ते चालू करा.’ तिथल्या तिथे परत म्हणा : ‘सर, तीन नंबर, पाटील काकू, अमुक औषध, अमुक डोस, सिस्टरना सांगते. बरोबर?’ मग वेळ टाकून लिहा आणि ज्या सिस्टरना काम द्यायचं त्यांना कागद दाखवा. औषधांची नावं सारखी ऐकू येतात, पाच आणि पन्नास फोनवर सहज मिसळतात. परत विचारल्याने डॉक्टर वैतागले तरी चालेल. समजदार डॉक्टर उलट अशाच माणसाला पुढे ठेवतात.

शिफ्ट बदलताना चार गोष्टी : रुग्ण कोण, कशासाठी आहे, आज काय बदललं, काय बाकी आहे. रुग्णाच्या पलंगाजवळ उभं राहून सांगा. रजिस्टरात खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा, पांढरा रंग लावू नका. जे केलं नाही ते केलं म्हणून लिहू नका, दुसऱ्याच्या नावाची सही तर कधीच नको.

१२. अटेंडर चिडले तर

दवाखान्यात आवाज चढतो तो बहुतेक वेळा वाट बघून आणि काही न कळून. दर थोड्या वेळाने बाहेर येऊन ‘आत प्रोसिजर चालू आहे, अजून अर्धा तास लागेल’ एवढं सांगितलं तरी निम्मा ताण उतरतो. कुणी ओरडायला लागलं तर तुम्ही आवाज खाली आणा, एका हाताचं अंतर ठेवा, दाराकडची बाजू आपली ठेवा. ‘भैया, आपकी चिंता समझ रही हूँ, डॉक्टर साहब को अभी बुलाती हूँ’, आणि खरंच बोलवा. रुग्ण दगावल्याची बातमी देणं तुमचं काम नाही, कितीही आग्रह झाला तरी.

हात उगारला गेला तर वाद थांबवून बाजूला व्हा, गार्डला हाक मारा, ११२ लावा. डॉक्टरांबरोबरच वैद्यकीय सेवेशी जोडलेल्या इतर व्यक्तींच्या सुरक्षेसाठी मध्य प्रदेशात २००८चा कायदा आहे. त्यात तुम्हीही येता. घटना त्याच दिवशी लिहून द्या.

१३. आतल्या माणसांचा त्रास

सीनियर रागावतात, त्यातलं काही कामाचं असतं. ‘कफ चुकीचा लावलास’ हे कामाचं, ऐका आणि सुधारा. ‘तुमच्या घरच्यांनी काही शिकवलं नाही का’ हे कामाचं नाही. त्या वेळी रुग्णासमोर उत्तर देऊ नका. नंतर गर्दी ओसरली की एकटं भेटून म्हणा, ‘मॅडम, चूक सांगा, मी सुधारेन, पण सगळ्यांसमोर असं बोललात तर माझा हात चालत नाही.’ बऱ्याच जणी यावर थबकतात. नाही थबकल्या तर तारीख-वेळ लिहून ठेवायला लागा.

कामाची ढकलाढकल ही रोजची गोष्ट. नवा आहे म्हणून चहा, झेरॉक्स, साहेबांच्या मुलाला शाळेतून आणणं, सगळं येतं. एखाद्या दिवशी करा, पण त्यामुळे रुग्णाचं काम राहत असेल तर स्पष्ट विचारा, ‘सर, दोन्हीपैकी आधी काय करू?’

लैंगिक छळ मात्र निभावून न्यायची गोष्ट नाही. नको असलेला स्पर्श, मेसेज, अंगचटीचं बोलणं, ‘नाइटला माझ्याच बरोबर लाव’ असा आग्रह, मग तो डॉक्टर असो, मालक असो की रुग्णाचा नातेवाईक. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान दवाखाना असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. त्यासाठी मोती तबेल्यातल्या कलेक्टर ऑफिसात चौकशी करा. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण योग्य असेल तर आणखी तीन महिने मिळतात. मेसेज पुसू नका. घरी आईला किंवा मोठ्या बहिणीला पहिल्याच दिवशी सांगा. ‘नोकरी सोडायला लावतील’ या भीतीने मुली घरी बोलत नाहीत, आणि तेवढ्यात समोरचा आणखी धीट होतो.

१४. जिथे ठाम ‘नाही’ म्हणायचं

कॉलनीत कळतं की तुम्ही दवाखान्यात आहात. मग शेजारच्या काकू इंजेक्शनची बाटली घेऊन येतात, ‘एवढं टोचून दे गं, शंभर रुपये वाचतील.’ टोचायचं नाही. रिअॅक्शन आली तर घरात ना औषध असतं ना ऑक्सिजन. ‘काकू, मला परवानगी नाही, चला मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते’ असं म्हटलं तर नातंही राहतं.

सोनोग्राफी सेंटरवर लागलात तर कुणीतरी बाजूला घेऊन विचारणारच, मुलगा की मुलगी. शब्दाने, खुणेने, पेढा की जलेबी अशा सूचक बोलण्याने, कशानेही सांगायचं नाही. १९९४च्या कायद्याने हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लॅबचा किंवा मेडिकल स्टोअरचा माणूस ‘आमच्याकडे पाठवा, तुमचं बघतो’ म्हणेल. नको. रुग्णाचा फोटो, एक्सरे, नाव मोबाइलमध्ये नको, स्टेटसवर तर अजिबात नको. ओळखीतलं कोण कशासाठी आलं होतं हे घरच्या जेवणाच्या ताटावरही बोलायचं नाही. रामबागेत बातमी संध्याकाळपर्यंत गणपतीच्या मंडपात पोहोचते, आणि मग ती बाई तपासणीला येणंच बंद करते.

१५. रात्रपाळी आणि सणाचे दिवस

जायची-यायची सोय आधी ठरवा. रात्री अकराला सुटणारी शिफ्ट असेल तर गाडी मिळते का, सोबत कोण आहे, हे रुजू होण्याआधी विचारा. रंगपंचमीच्या गेरीला (रंगांच्या मिरवणुकीला) राजवाड्याच्या बाजूचे रस्ते बंद असतात आणि अनंत चतुर्दशीला झांक्यांमुळे (देखाव्यांच्या मिरवणुकीमुळे) रात्रभर गर्दी असते. त्या दिवशी ड्यूटी असेल तर तासभर आधी निघा आणि दुसऱ्या रस्त्याने जा. नाइटनंतर सकाळी स्वतःला घरकामाला जुंपू नका, हे घरच्यांनाही सांगा. झोप न झालेला माणूस लेबल चुकवतो.

१६. पुढचं शिक्षण आणि नोकरी बदलताना

पहिलं वर्ष झालं की ठरवा, रुग्णाजवळ राहायला आवडतं तर नर्सिंग, यंत्रं आणि नमुने आवडतात तर लॅब किंवा ओटी टेक्निशियन. प्रवेशाच्या तारखा आणि विषयांची अट आधी बघा, कारण बारावीला कोणते विषय होते त्यावर काही दारं उघडतात, काही नाही.

सोडताना तोंडी सांगून गायब होऊ नका. लेखी नोटीस द्या, प्रतीवर मिळाल्याची सही घ्या, शेवटचा पगार आणि पीएफचं बोलून घ्या. अनुभवपत्र लेटरहेडवर हवं, त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग, केलेली कामं, सही आणि शिक्का. ‘काम समाधानकारक’ एवढ्या एका ओळीचं पत्र पुढच्या हॉस्पिटलात चालत नाही, त्यामुळे मजकूर तुम्हीच टाइप करून न्या आणि डॉक्टरांना वाचून सही करायला द्या.